मला सरळ करायला आलेला जावई

मित्रांनो, राजे आले आणि गेले, साम्राज्ये उगवली आणि मावळली, मी मात्र चारशे वर्षे ताठ उभे आहे. ताठ म्हणजे अगदी ताठ नव्हे. पूर्वेकडे जरासे कललेले. जरासे म्हणजे, माझ्या बैठकीत वाटाणा सांडला तर तो आपल्या पायाने चालत कोठीच्या दाराशी जाऊन थांबतो.

मी एक जुने शेतघर आहे. विलायतेतल्या सफोक परगण्यात, थॉर्नशम गावात, चर्चमागच्या गल्लीत राहते. माझा जन्म ओकच्या रानात झाला. त्या काळचे सुतार लाकूड वाळायची वाट बघत नसत, कारण ओला ओक छिन्नीला मऊ लागतो. त्यांनी माझा सांगाडा आधी जमिनीवर मांडून पाहिला, सांध्यासांध्यावर खुणा कोरल्या आणि मग गावाला बिअर पाजून मला उभे केले. सांगाड्यात लोखंडाचा खिळा नाही. खांब आणि तुळया ओकच्याच खुंट्यांनी जखडलेल्या. मधे काड्यांचा कूड आणि त्यावर माती, पेंढा, शेण. होय, शेणच. लांबून आलेल्या बायका माझ्या भिंतीला गाल टेकून फोटो काढतात, तेव्हा मी गप्प राहते.

ते ओले लाकूड वाळताना वाकले, मुरडले आणि एकमेकांना घट्ट धरून बसले. म्हणजे मी वाकडे आहे म्हणूनच उभे आहे. हे माणसांना पटवणे मला कधीच जमले नाही. एका पिढीने मला गव्हाचे कोठार केले. दुसरीने बैठकीत डुकरे बांधली. त्यांनी निदान माझ्या तिरकेपणाबद्दल अवाक्षर काढले नाही. पुढे चित्रकार येऊन समोर स्टुले टाकून बसू लागले आणि मी फुशारले, तोच एका मालकाला माझ्या उघड्या फासळ्यांची लाज वाटली. त्याने मला सिमेंटने लिंपले. मित्रांनो, भर उन्हात रेनकोट घालून वर्षानुवर्षे उभे राहा, म्हणजे तुम्हाला कल्पना येईल.

तो रेनकोट काढला विनिफ्रेड गॅरड हिने. ती इथे नवी नवरी म्हणून आली. तिचा नवरा विल्फ याने माझ्याशी कधी वाद घातला नाही. कपाट डुगडुगले की तो त्याचे पश्चिमेकडचे पाय कापून बुटके करी. दारेही त्याने माझ्या चौकटींच्या कलाने तिरकी तासली. ती लावताना थोडी उचलावी लागत. "उचलून, उचलून!" असे विनिफ्रेड सगळ्यांना ओरडून सांगे, पाद्रीबाबांनासुद्धा.

विल्फ गेला आणि माझ्या काळजीचे दिवस सुरू झाले. तिचा जावई क्लाइव्ह इप्सविचहून दर रविवारी जेवायला येई. माणूस प्रेमळ, पण एके दिवशी त्याने खिशातून सपाटी तपासायची पाणसळ काढली, माझ्या तुळईला लावली आणि आतला बुडबुडा एका टोकाला पळालेला पाहून त्याचा चेहरा पडला.

"आई, हे घर तुमच्या अंगावर येईल एक दिवस. एक तर मी ते सरळ करतो, नाहीतर तुम्ही आमच्याकडे राहायला चला."

"तुमच्या फ्लॅटमध्ये?" विनिफ्रेड म्हणाली. "माझी कपाटं तिथं आडवी पडतील रे."

पण बोलता बोलता तिने माझा खांब घट्ट धरला. ती घाबरली आहे, हे मला त्या पकडीवरून कळले.

पुढच्या रविवारी तो लोखंडी जॅक घेऊन आला. माझ्या थोरल्या तुळईचे खचलेले टोक कोठीत आहे. त्याखाली त्याने जॅक लावला, बैठकीत मांडलेल्या भाजलेल्या कोंबडीवर धूळ पडू नये म्हणून दार ओढून घेतले आणि जॅकचा दांडा मारून तुळई उचलू लागला. माझ्या खांद्यातली, म्हणजे खांब-तुळईच्या सांध्यातली, खुंटी कण्हली.

"बुडबुडा सरकतोय, आई!" तो आतून ओरडला.

"बशापण सरकतायत रे!" विनिफ्रेड कपाटाला पाठ लावून म्हणाली.

जेवायला आलेला शेजारी पर्सी केंबल रश्श्याचे भांडे धरून बसला होता. तेवढ्यात कोठीचे दार आतून धडधडले.

"आई, दार उघडत नाहीये."

"उचलून ढकल."

"उचलतोय की!"

पर्सीने बाहेरून ओढून पाहिले. "ते नाही उघडायचं. घर सरळ व्हायला लागलंय, दार अजून जुन्या घराचं आहे." मग त्याचा आवाज खाली गेला. "विन, कस्टर्ड कुठाय?"

"कोठीत."

"अरे देवा. मग प्रकरण गंभीर आहे."

"जेवढं वर नेलंस तेवढं खाली आण," विनिफ्रेडने सांगितले.

"आता कसं, आई! बुडबुडा मधोमध यायला केसभर राहिलाय!"

"मग तो बुडबुडा घेऊन तिथंच संसार कर!"

त्याने आणखी एक दांडा मारला. माझ्या तुळईतून कड्ड असा लांब आवाज आला. ती खुंटी अर्धी बाहेर आली होती. ती सुटली असती, तर वरची खोली पलंगासकट क्लाइव्हच्या डोक्यावर उतरली असती आणि मला काहीही करता आले नसते.

विनिफ्रेडने दोन्ही तळवे माझ्या खांबावर टेकले. "क्लाइव्ह, बाळा, खाली घे. हळू. घर ओरडतंय."

"मीही ओरडतोय, आई," तो हळूच म्हणाला. जॅक कुरकुरत उतरला. मी माझ्या जुन्या कलाने पुन्हा बसले आणि दार आपोआप सुटले. क्लाइव्ह धुळीने पांढरा होऊन बाहेर आला. पर्सीने आधी कस्टर्ड पाहिले.

"ह्यात चमच्याचा खड्डा आहे!"

"भीती वाटली की मी खातो," क्लाइव्ह म्हणाला. त्या दिवशी इप्सविचला राहायला जाण्याचे नाव निघाले नाही.

खुंटी पर्सीने ठोकून परत बसवली. पण जॅक अजून कोठीत आहे. क्लाइव्ह येतो, कोंबडी खातो आणि मधेच तिकडे बघतो. "वसंतात बघू," असे एकदा म्हणालाही. वारा सुटला की मी खांद्याकडे कान देऊन जागे राहते.

मित्रांनो, जुने काही वाकडे दिसले तर ते सरळ करण्याआधी पाहा, ते कोणाला धरून वाकले आहे. आम्हाला जपा, आमचे ऐका, असे पुष्कळ मागायचे होते. पण वारा वाढतो आहे. जाताना तेवढे दार लावून घ्या. जरा उचलून.