गुडघ्याचं खाकरणं

आत्मा अमर आहे आणि देह नश्वर, याबद्दल नागोजीरावांना शंका नव्हती. फक्त दोहोंच्या मध्ये त्यांचा उजवा गुडघा आला होता.

घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. बोलण्यात निम्मं कन्नड मुरलं, पण एक रीत टिकली: पुरुषाने घरात शिरताना खाकरायचं, म्हणजे आतल्या बायकांना पदर सावरायला सवड मिळते. नागोजीरावांना कधी खाकरावं लागलं नाही. राजाजीनगरच्या घराचा जिना ते चढू लागले की गुडघा ‘कट्’ करायचा, आणि वर स्वयंपाकघरात चंपाबाई कॉफीच्या फिल्टरचं झाकण उचलायच्या. टण्. उभ्या संसारात याहून जास्त बोलणं फारसं झालं नाही.

चंपाबाई गेल्या. कट् राहिलं. टण्‌ही राहिलं.

वर पोचावं तर ओट्याशी कोणी नाही, फिल्टर कोरडा ठणठणीत, झाकण मात्र काढून बाजूला ठेवलेलं. सुरुवातीला त्यांनी ते मांजरावर ढकललं. घरात मांजर नव्हतं. मग एकदा दोन्ही हातांनी कठडा धरून, अंगाचा भार हातांवर घेत ते बिनआवाज चढले आणि दारात नुसते खाकरले. झाकण जागच्या जागी. खाकरण्याला ती ओळख देत नाही, हे त्या दिवशी कळलं.

दुखणं वाढलं तेव्हा मुलगी दिव्यश्री त्यांना हेब्बाळला डॉक्टर श्रीवत्सांकडे घेऊन गेली.

“उजव्या गुडघ्यातली गादी फाटलीय,” डॉक्टर म्हणाले. “दोन बारीक छिद्रं पाडायची. एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यार. फाटका तुकडा काढून टाकायचा. कमरेखाली बधिर करू, दुसऱ्या दिवशी घरी. थोडे दिवस सूज राहील, काठी लागेल. व्यायाम मात्र चुकवायचा नाही.”

“आणि आवाज?”

“कसला?”

“जिन्यावर गुडघा वाजतो. तो राहील ना?”

“त्याचा दुखण्याशी संबंध नसतो. लोक तर आवाज घालवायला येतात. तुम्हाला काय, ठेवून घ्यायचाय?”

“स्वल्प,” नागोजीराव म्हणाले.

दिव्यश्रीने छताकडे पाहिलं.

त्यांनी ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. मग एका संध्याकाळी पहिल्या पायरीवरच गुडघा अडकला. ते तिथेच बसून राहिले. वरून काहीच ऐकू आलं नाही. फिल्टरपाशी कोणीतरी कान देऊन उभं आहे, इतकंच जाणवत राहिलं. उठता आलं तेव्हा त्यांनी दिव्यश्रीला फोन केला. “सरी, ठरलं. तारीख घे.”

ऑपरेशनच्या वेळी पडद्यावर त्यांना आपल्या गुडघ्याचं आतलं दिसलं. पांढरी, पाण्याने भरलेली गुहा, आणि तिच्यात हलणाऱ्या चिंध्या. ते निरखून बघत राहिले. चंपाबाई तिथे नव्हत्या. हत्याराने चिंध्या खाऊन टाकल्या.

दिव्यश्रीने त्यांचं अंथरूण खालच्या खोलीत घातलं. रोज ते चादरीखाली गुडघा वाकवून कान लावायचे. गुडघा सभ्यपणे गप्प.

“दुखतंय का, अण्णा?”

“नाही. तेच तर.”

टाके निघाले, जिन्याची परवानगी मिळाली. “चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा,” डॉक्टरांनी बजावलं होतं. आजवर ते उजवा पायच आधी टाकत आले होते. घराण्याचा शुभ पाय. आज डावा ठेवला, सगळा भार त्यावर घेतला आणि अंग वर उचललं.

कट्.

वर, टण्.

मागून आधार देणाऱ्या दिव्यश्रीचा हात त्यांच्या पाठीवर गार पडला.

“अण्णा, वर कोण आहे?”

“सावकाश,” नागोजीराव म्हणाले. “तिला पदर घेऊ दे.”

दुसरी पायरी. कट्.

दिव्यश्रीने वर बघायचं टाळलं आणि खाली बघितलं. वाजत होता तो डावा गुडघा. ऑपरेशन उजव्याचं झालं होतं.