भारहारिणी आईंचा वजनकाटा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावरच्या वजनकाट्यावर आठव्या महिन्यातली एक शिवणवाली उभी होती. अठ्ठ्याण्णव किलो.

"सगळा भार माझ्यावर सोड, पोरी," भारहारिणी आई तिचे तळहात आपल्या तळहातांवर घेत म्हणाल्या. "टेक, चांगले दाबून टेक! चरबीच्या लहरी निघाल्या... वर चालल्या... गेल्या!"

काटा थरथरत चौऱ्याण्णववर आला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागे प्रसूतिगृहातली सिस्टर बसली होती. सत्तावीस वर्षं बाळंतपणं करून टाचा कामातून गेलेल्या, त्यात आज एवढी एक सुट्टी. पण ही पोर तीन आठवडे तपासणीला फिरकली नव्हती, म्हणून घरी विचारून ती इथवर आली होती. चमत्कार पाहून तिला फक्त कंटाळा आला. ती उठून पुढे गेली.

"आई, तेवढे हात सोडा."

"श्रद्धा नसेल तर भार परत येतो हं!"

"येऊ दे की. कुठून येतो ते बघू."

शिवणवालीनेच हात काढून घेतले. काटा पुन्हा अठ्ठ्याण्णववर गेला. मग सिस्टरने पोरीसोबत आलेल्या सासूला काट्यावर चढवलं आणि तिचे तळहात आपल्या तळहातांवर दाबायला लावले. तीन किलो गायब! हात काढले, तीन किलो हजर.

"टेबलावर हात टेकलेत तरी हेच होईल," सिस्टर म्हणाली. "अंगाचा थोडा भार काट्याऐवजी टेबल उचलतं. एवढंच."

लोक हसले. आई 'वाईट नजर, वाईट नजर' पुटपुटत आत गेल्या.

बाहेर पायरीवर शिवणवाली रडू लागली. "त्यांनी हात तरी धरला, सिस्टर. तुमच्याकडे डोकं दुखतंय म्हटलं, तर वजन कमी कर. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हटलं, तरी वजन कमी कर. रक्तदाब जास्त निघाला, तर डॉक्टर म्हणाले, जाड दंडावर पट्टा चुकतोच, सोडून द्या."

त्या दिवशी पट्टा सिस्टरनेच बांधला होता. लहान पट्ट्याने आकडा फुगतो हे खरं. पण मोठा पट्टा कपाटात होता आणि तो शोधायचा तिलाही कंटाळा आला होता.

"चल," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

प्रसूतिगृहात मोठ्या पट्ट्यानेही दाब एकशे सत्तर भरला. लघवीत प्रथिनं सापडली.

"वजनामुळे असं..." डॉक्टरांनी सुरुवात केली.

"वजनामुळे धोका वाढतो, डॉक्टर. मग हिच्याकडे जास्त बघायचं, की कमी?"

डॉक्टरांनी झटके येऊ नयेत म्हणून द्यायचं इंजेक्शन मागवलं. दोन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली, चिमुकली, पण खणखणीत रडणारी. शिवणवाली शुद्धीवर आली तेव्हा सिस्टर उशाशी होती.

काट्याला वजन कळतं, दुखणं कळत नाही. दुखणं विचारावं लागतं, आणि मिळालेलं उत्तर नीट मोजून पाहावं लागतं. भोंदूंच्या दारात उभ्या असलेल्या बायकांना खुशाल शहाणपण शिकवा. पण त्याआधी त्या कुणाच्या दारातून परत फिरल्या, तेही एकदा विचारा.