तीस मीटर काळी वायर

मित्रांनो, भास्करकाकांच्या विजेवरच्या गाडीची डिकी उघडलीत, तर कोपऱ्यात सुंभाने बांधलेलं एक काळं वेटोळं दिसेल. ती मी. मी एक जुनी वायर आहे. तीस मीटर लांब आणि बोटाएवढी जाड. माझ्या एका टोकाला तीन पिनांचा मोठा प्लग आहे, दुसऱ्या टोकाला सॉकेटचा डबा. मधोमध एक सांधा आहे. तो कसा आला तेही सांगते.

रत्नागिरीच्या बाजारात दुकानदाराने मला मोठ्या रिळावरून मोजून कापलं आणि भास्करकाकांच्या हातात दिलं. काकांची पावस गावात हापूसची बाग. तिथे कातळ फोडून खणलेली विहीर होती आणि विहिरीवर पंप होता. त्या पंपाला मी तेरा वर्षं वीज पोचवली. नव्या लावलेल्या कलमांनी उन्हाळ्यात तग धरला तो त्या पाण्यावर. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ही वायर नसती तर ही कलमं नसती." वायरीचं कौतुक कोण करतो? म्हणून ते शब्द मी जपून ठेवले.

मग सौरपंप आला आणि माझं काम संपलं. मला मांगरात, म्हणजे बागेतल्या अवजारांच्या खोपटात, फुटक्या करंड्यांखाली टाकलं. तिथे उंदराने मला कुरतडलं आणि तांबं उघडं पडलं. चार वर्षांत माझी कुणी आठवण काढली नाही.

एके दिवशी काकांची मुलगी मनस्विनी पुण्याहून नवी गाडी घेऊन आली. तिला पेट्रोल लागत नव्हतं, वीज लागत होती. शेजारी हसले. "भास्करा, गाडी आणलीस की मोबाइल? रोज चार्जिंगला लावायची!" काकाही हसले. पण गाडी घरापर्यंत येईना. आमच्याकडे घर खाली असतं आणि रस्ता वर. मधे चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. काका मांगरात गेले, करंड्या बाजूला केल्या, मला बाहेर काढून पुसलं, कुरतडलेल्या जागी काळ्या चिकटपट्टीचा सांधा मारला आणि पाखाडीवरून वर नेलं. गाडीवर हिरवा दिवा लागला.

तेव्हापासून मी देश पाहिला. बाप-लेक गाडी घेऊन गोव्यापर्यंत, सोलापूरपर्यंत जाऊन आले. काकांनी एक वही केली. कोणत्या गावात कुणाच्या घरी पंधरा अँपियरचा मोठा पॉइंट आहे, ते तीत लिहिलं. लांज्याला काजूच्या कारखान्यात, अणुस्कुरा घाट चढून गेल्यावर काशीबाईंच्या पिठाच्या गिरणीत, राजापूर तालुक्यातल्या समुद्रकाठच्या नाटे गावात यमुनाबाईंकडे. यमुनाबाईंनी वीस वर्षं काकांच्या बागेत आंबे पिकवायच्या आढ्या लावल्या होत्या. त्यांचा मुलगा दीपक मासेमारीच्या बोटीवर होता. त्यांच्याकडे थांबायचं, जेवायचं, तोवर मी गाडीला वीज पाजायची. हा ठरलेला रिवाज होता.

काकांची एकच सवय मला सोसत नव्हती. ते मला लागेल तेवढीच सोडत. बाकीची गुंडाळी तशीच राही. "कशाला सगळी उलगडायची? परत गुंडाळावी लागते," असं ते म्हणत. त्या गुंडाळीत माझं अंग तापायचं. पण मी सांगणार कशी?

आता त्या मे महिन्यातल्या दिवसाचं सांगते.

आम्ही सावंतवाडीला नातेवाइकांकडे आंब्याच्या चार पेट्या घेऊन निघालो होतो. सकाळी दहाला नाट्याला पोचलो. गाडीत बावन्न टक्के वीज होती. काकांनी माझा प्लग यमुनाबाईंच्या पडवीत लावला. दुपारी दोनपर्यंत गाडी भरली असती.

साडेदहाला आभाळ गडगडलं. आणि माझ्या अंगातून वाहणारी वीज एकदम थांबली.

मला वाटलं, लाइन गेली. मग मला शेजारच्या घरातला पंखा ऐकू आला. तो फिरत होता. म्हणजे वीज गेली होती ती फक्त यमुनाबाईंच्या घरातली. यमुनाबाईंनी मेन स्विच खाली केला होता. पूर्वी एकदा वीज पडून त्यांचा मीटर जळला होता. तेव्हापासून आभाळात खुट्ट झालं की त्यांचा हात आधी मेनवर जाई. मग त्या अंगणात वाळत घातलेली सुकट गोळा करायला धावल्या. आभाळ न बरसताच निवळलं, पण मेन वर करायचा राहिला. यमुनाबाईंच्या घरातला पंखा बंद पडला तेव्हा काका म्हणाले, "गेली वाटतं लाइट," आणि ओसरीवर आडवे झाले. कुणी कुणाला विचारलं नाही. दोन तास मी रिकामी पडून होते.

साडेबाराला पाखाडीवर पावलं वाजली. चौघे जण दीपकला धरून आणत होते. त्याचा उजवा हात पट्ट्यांनी बांधला होता आणि त्या रक्ताने भिजल्या होत्या. बंदराला लागलेल्या बोटीवर दोराच्या वेटोळ्यात त्याचा हात अडकला होता. यंत्राने दोर ओढला आणि अंगठा तुटला. गावच्या आरोग्य केंद्रात पट्टी बांधली, पण अंगठा जोडणारे डॉक्टर कोल्हापूरला. अँब्युलन्स दुसऱ्या रोग्याला घेऊन गेलेली. ती परत यायला दीड तास.

बोट चालवणारा तांडेल सदू हातात मासळीची पेटी घेऊन उभा होता. "अंगठा आणलाय. बर्फात घातलाय."

मनस्विनीने कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोन लावला होता. ती ओरडली, "सदूभाऊ, बर्फात थेट नको म्हणतायत! कातडी मरते."

"बर्फात ठेवलेली सुरमई आठवडाभर टिकते," सदू म्हणाला.

"सुरमई परत जोडायची नसते!"

त्याने घाईघाईने अंगठा बाहेर काढला. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळला, पिशवीत बांधला आणि ती पिशवी बर्फावर ठेवली. डॉक्टर फोनवर सांगत होते, "बारा वाजता तुटला ना? सहाच्या आत माझ्या टेबलावर हवा. जितका उशीर, तितकी आशा कमी."

मनस्विनी धावत वर गेली आणि गाडी चालू केली. मग तिचा आवाज खाली आला. "बाबा, अठ्ठावन्न टक्केच आहे! चार्ज झालीच नाही!"

यमुनाबाई पडवीत उभ्या होत्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "मीच खाली केला," त्या म्हणाल्या. "गडगडलं म्हणून मीच मेन खाली केला गो."

काका बोटांवर हिशेब करू लागले. अठ्ठावन्न टक्क्यांत सपाट रस्त्यावर एकशे तीस किलोमीटर होतात. कोल्हापूर त्याहून लांब, आणि मधे अणुस्कुऱ्याचा चढ. वाटेत फोनवर एकच चार्जर दिसत होता आणि तोही बंद पडलेला. गावात दुसरी चारचाकी नव्हती. टेंपो मासळी घेऊन बाजाराला गेले होते.

"वजन कमी करा," काका म्हणाले. आंब्याच्या चारही पेट्या रस्त्याच्या कडेला उतरल्या. मागे दीपक आणि यमुनाबाई बसले, बाईंच्या मांडीवर बर्फाची पेटी. गाडी हलली.

आणि मी? मी पडवीतच होते. प्लग भिंतीत, डबा रस्त्यावर. मला सगळे विसरले होते. मित्रांनो, मांगरातल्या चार वर्षांत मला जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं त्या घडीला वाटलं. पण सदू तांडेलाची नजर दोरा-वायरींवर असते. "अहो, हिला कोण नेणार?" म्हणत त्याने मला उपटलं, हात-कोपराभोवती भराभर वेढे घालत पाखाडी चढला आणि धावत्या गाडीच्या उघड्या खिडकीतून काकांच्या मांडीवर फेकलं.

पुढचे दोन तास मी कधी विसरणार नाही. एसी बंद, गाडीचा वेग पन्नासच्या वर नाही. काचा अर्ध्या उघड्या, आत घामाचा आणि बर्फात मुरलेल्या मासळीचा वास. मनस्विनी आकडा वाचत होती. "राजापूर, शेहेचाळीस." काका म्हणाले, "मोठ्याने वाचू नकोस." मग पाच मिनिटांनी तेच विचारत, "आता किती?"

दीपकचा चेहरा पांढरा पडला होता. तरी तो म्हणाला, "आये, रडू नको. सही येते मला. अंगठा नसला तरी चालेल."

"गप ऱ्हा मेल्या," यमुनाबाई म्हणाल्या. त्यानंतर त्या पेटीवर हात ठेवून एकच वाक्य पुटपुटत राहिल्या, "मी सांगायला हवं होतं."

घाट लागला आणि आकडा वितळू लागला. एकेका वळणाला एकेक टक्का. माथ्यावर आलो तेव्हा पाऊस कोसळत होता आणि गाडीत अठरा टक्के उरले होते. कोल्हापूर अजून सत्तर किलोमीटर. तीन वाजले होते.

काकांनी वही उघडली. "काशीबाईंची गिरणी. पुढच्या फाट्यावर."

गिरणीत दळणाला बायका बसल्या होत्या. गिरणीकडे जाणारी वाट चिखलाने भरली होती. गाडी रुतली असती. ती डांबरी रस्त्यावरच उभी केली. काका मला घेऊन उतरले.

काशीबाई दारात आल्या. "काय वो काका, आज एवढ्या पावसात?"

"पोराचा अंगठा तुटलाय. एक तास वीज द्या. पण गिरणी थांबवावी लागेल, दोन्ही ओढायची नाही लाइन."

एक बाई म्हणाली, "अन् माझं अर्धं दळण?"

"अर्ध्याच्या भाकऱ्या कर तवर," काशीबाई म्हणाल्या आणि गिरणीचा पट्टा थांबवला.

काकांनी प्लग लावला. नेहमीसारखी लागेल तेवढी मला सोडली आणि दहा-बारा मीटरची गुंडाळी शेडखाली तशीच ठेवली. हिरवा दिवा लागला. सगळ्यांनी श्वास सोडला.

माझं अंग मात्र तापू लागलं. सदूने घाईत घातलेले वेढे नेहमीपेक्षा घट्ट होते आणि गाडी पोटभर ओढत होती. पाच मिनिटं, आठ मिनिटं. वेढ्याला वेढा चिकटला. माझ्यातून जळक्या रबराचा वास सुटला. अजून थोडा वेळ गेला असता तर मी वितळले असते, आणि माझ्याबरोबर त्या पोराचा हात गेला असता.

दीपक गाडीचं दार उघडून बसला होता. त्याने मान वर केली. "काका, कसला वास येतोय? ती वायर गुंडाळलेली आहे काय?"

"आहे. का रे?"

"मोकळी करा! दोर असो नाही तर वायर, वेटोळ्यात ताण ठेवायचा नाही. माझा हात बघताय ना?"

काकांनी प्लग काढला, मला शेवटच्या हातापर्यंत उलगडलं आणि पुन्हा लावलं. अंगाला वारा लागला. मी थंड होऊ लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी पुरती पसरून काम करत होते. पण उलगडल्यावर माझा मधला सांधा शेडच्या बाहेर आला, भर पावसात. पट्टीत पाणी शिरलं असतं तर सगळं संपलं असतं. काकांनी सांध्याखाली एक लाकडी खोकं सरकवलं. वर धरायला काहीतरी हवं होतं.

यमुनाबाई उतरल्या. त्यांनी काशीबाईंची छत्री घेतली आणि सांध्यावर धरून उभ्या राहिल्या. स्वतः चिंब भिजत.

तेवढ्यात कानठळ्या बसवणारा गडगडाट झाला. काशीबाई दचकल्या आणि त्यांचा हात आपोआप भिंतीवरच्या मेनकडे गेला. तोही हात तीच सवय शिकलेला होता.

"काशीबाई!" यमुनाबाई किंचाळल्या. "हात लावू नका त्याला! माझ्या लेकाचा अंगठा आहे त्या तारेत!"

काशीबाईंचा हात हवेत थांबला. मग त्यांनी तो मागे घेऊन पदरात गुंडाळला. यमुनाबाईंना विजेची भीती किती, ते मला ठाऊक होतं. पण चाळीस मिनिटं छत्री सांध्यावरून हलली नाही.

तीन पंचावन्नला आम्ही निघालो, एकोणतीस टक्क्यांवर. पाच बेचाळीसला दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा आकडा होता दोन. दीपकला आत नेलं. बर्फाची पेटी हातात घेऊन एक परिचारिका मागून धावली. मग दार बंद झालं आणि आम्ही सगळे बाहेर राहिलो.

अंगठा जुळला. पूर्ण वाकत नाही. त्याला थंडी लवकर लागते. पण त्यात रक्त फिरतं.

आता आम्ही नाट्याला गेलो की दीपकच मला डिकीतून काढतो. एवढी लांबी लागत नसली तरी तो मला शेवटच्या हातापर्यंत उलगडतो. त्याचा तो ताठर अंगठा माझ्या अंगावरून सरकतो तेव्हा मला कळतं, की कुठे गाठ आहे का, कुठे चीर आहे का, ते तो बघतोय. काकांनी माझा सांधा कापून नवा, पक्का करून घेतला. आणि यमुनाबाईंनी बोटीवरचा एक जुना लाल बावटा आणून ठेवलाय. गाडी चार्जिंगला लागली की तो मेन स्विचवर टांगतात.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मला वेटोळ्यात राबवू नका. मला कोरडं ठेवा. माझी कातडी फाटली तर मला हात लावू नका, मोठ्यांना सांगा. आणि आभाळ गडगडल्यावर मेन खाली करणं ही चूक नाही, ती शहाणपणाची सवय आहे. चूक एवढीच, की त्या दिवशी ते कुणी कुणाला सांगितलं नाही.

गेल्या आश्विनात असंच आभाळ आलं. मी पडवीत होते. यमुनाबाई लगबगीने मेनजवळ आल्या, हात वर गेला आणि लाल बावट्याला लागून थांबला. त्या दारात गेल्या आणि पाखाडीच्या वर ऐकू जाईल अशी हाक मारली.

"भास्करभाऊ, गडगडतंय हो! आधी वायर काढा, मग मी मेन खाली करते!"

वरून दीपकचा आवाज आला, "काढली गो आये!"

मग अंधारल्या पडवीत त्यांनी बावटा उतरवला आणि मेन खाली केला.