नुसती नावं

प्रफुलचा पेनड्राइव्ह दुपारच्या एसटीने आला. कंडक्टरने तो खिडकीतूनच दिव्यानीच्या हातावर ठेवला आणि ती तशीच उन्हात ग्रामसभेच्या खोलीकडे धावली. दुसऱ्या दिवशी सुनावणी होती. गावाने आपल्या जंगलावर हक्काचा दावा लावला होता, आणि हद्द दाखवणारा नकाशा पुढे ठेवला तरच तो उभा राहणार होता. हद्द चालून झाली होती. दिव्यानी मोबाइल घेऊन पुढे आणि ग्रामसभेचे म्हातारे अध्यक्ष मनसारामभाऊ काठीने झाडं-दगड दाखवत मागे, असे दोघे अख्खा उन्हाळा काट्याकुट्यांतून हिंडले होते. एकेक ठिकाण मोबाइलमध्ये टिपलेलं होतं. नकाशा काढणारा प्रोग्राम तेवढा नव्हता, कारण जुना कॉम्प्युटर विजेच्या झटक्याने जळला आणि नवा आला तो कोरा.

तो प्रोग्राम गडचिरोलीला प्रफुलच्या ऑफिसात होता. गावांना कॉम्प्युटर शिकवायला एका संस्थेने नेमलेला हा माणूस. गावात आला तरी डोळ्यांवरचा गॉगल काढायचा नाही. दिव्यानीने त्याला फोनवर बजावून सांगितलं होतं, की नुसता प्रोग्राम चालत नाही, त्याच्यामागे लहानमोठी बरीच पॅकेजं लागतात, ती सगळी तुमच्या कॉम्प्युटरवरून एक्स्पोर्ट करून पाठवा, आमच्याकडे नेट नाही. ‘एका कमांडचं काम हाये,’ तो म्हणाला, आणि वर चारोळी मागितली. दिव्यानीच्या आईने, प्रेमिलाबाईने, चारोळीसाठी चाराच्या झाडाच्या बिया जात्यावर फोडल्या, पाखडल्या, निवडल्या. ती पिशवी एसटीने गेली, तिच्या बदल्यात हा पेनड्राइव्ह आला.

दिव्यानीने तो लावला. आत एकच फाइल, तीही नखाएवढी. उघडली तर नुसती नावं. एका पॅकेजचं नाव, पुढे त्याचा नंबर, खाली दुसऱ्याचं नाव. एक्स्पोर्ट म्हटलं की पॅकेजं सांभाळणारा प्रोग्राम, पॅकेज मॅनेजर, नावंच लिहून देतो. ती दुसऱ्या कॉम्प्युटरने वाचायची आणि खरं सामान नेटवरून उतरवून घ्यायचं. तरी तिने काळ्या खिडकीत कमांड टाकून पाहिली. पहिल्याच नावाला कॉम्प्युटर अडला आणि नेट मागू लागला. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गावात रेंज येते ती फक्त बोडीच्या पाळीवर, गावतळ्याच्या काठाला, तीही बोलण्यापुरती. तिथे उभं राहून तिने फोन लावला.

“प्रफुलभाऊ, याच्यात पॅकेजं कुठी हायेत? नुसती नावंच हायेत.”

“अवं, एक कमांड मार. बाकीचं नेटवरून आपोआप येते.”

“नेट असतं तं तुमाले काऊन मागतलं असतं?”

“मले वाटलं तालुक्याले जाऊन करशीन. मी आता लग्नाले निघून राह्यलो, ऑफिसले कुलूप हाये. सोमवारी पाहू.”

“सुनावणी उद्या हाये.”

“मंग तारीख मागून घ्या ना,” तो म्हणाला, आणि फोन कटला.

उंटावरून शेळ्या हाकणारे दिव्यानीने पुष्कळ पाहिले होते, हा तर उंटावर बसून झोपला होता. पेनड्राइव्ह देण्याआधी एकदा उघडून पाहायला याचं काय जात होतं? ती मोटारसायकलवर कॉम्प्युटर बांधून तालुक्याला गेली. तिथल्या एकुलत्या एक नेट सेंटरचं शटर लग्नसराईत खाली पडलेलं होतं.

सुनावणीत मनसारामभाऊंनी हद्द तोंडपाठ सांगितली. झाड, दगड, नाला, पुन्हा झाड. साहेबांनी ऐकून घेतलं आणि नकाशा नाही म्हणून प्रकरण दिवाळीनंतर ढकललं. दिवाळीआधीच ठेकेदाराची बांबूतोड त्या जंगलात शिरणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. परतताना भाऊ एवढंच म्हणाले, “बाई, माहे पाय फुकट गेले.” दिव्यानीला रडू आलं, पण ते रागाने.

सोमवारी ती स्वतः गडचिरोलीला गेली आणि प्रफुलच्या खुर्चीवर बसली. तो शेजारी स्टुलावर. तिने प्रोग्राम आणि त्याच्यामागची सगळी पॅकेजं, नावं नव्हे, खरी पॅकेजं, पेनड्राइव्हवरच्या एका फोल्डरमध्ये उतरवली. मग बाजूच्या कोऱ्या कॉम्प्युटरची नेटची वायर उपसली आणि ती पॅकेजं त्याच्यावर चढवून पाहिली. मध्येच एक पॅकेज कमी पडलं तेव्हा प्रफुलचा हात सवयीने वायरीकडे गेला.

“हात काढा,” दिव्यानी म्हणाली. “आमच्या गावात ही वायर नाई.”

ते राहिलेलं पॅकेज तिने आणलं, पुन्हा पहिल्यापासून चढवलं, नकाशाचा प्रोग्राम डोळ्यांदेखत उघडला, तेव्हा कुठे ती उठली. ती पायऱ्या उतरत असताना प्रफुल मागून म्हणाला, “चारोळी मस्त होती, बरं का. घरी लय आवडली. आणखी पाठवशीन.”

“पाठवतो ना,” ती म्हणाली.

गावात नकाशा निघाला. वरातीमागून घोडं, पण निघालं. मनसारामभाऊंनी त्याच्यावर बोट ठेवून हद्द पुन्हा चालून घेतली आणि तो गुंडाळून आढ्याला बांधला.

आणि त्याच आठवड्यात एसटीने प्रफुलकडे एक पिशवी गेली, सुतळीने तोंड घट्ट आवळलेली. आत दिव्यानीच्या अक्षरात एक चिठ्ठी होती, दुसरं काही नाही.

‘चारोळी. मोहफूल. डिंक. एक कमांड मारा, बाकीचं नेटवरून आपोआप येते.’