मागच्या भिंतीचं भगदाड

"आणि हे शत्रूच्या तोफेनं पाडलेलं भगदाड!" संचालकसाहेबांनी छडी भिंतीला टेकवली. त्यांच्या शेजारी आजचे मोठे पाहुणे, आणि मागे किल्ल्यांचा जुडगा सांभाळत म्हातारा पहारेकरी.

पहारेकऱ्यानं मान खाली घातली. कसली तोफ नि कसला शत्रू!

ही इमारत फार पूर्वी तुरुंग होती म्हणे. तो नोकरीला लागला तेव्हा इथं दवाखाना होता. मग बियाण्यांचं गोदाम आलं, तेव्हा त्यानं पेशंटांऐवजी उंदरांवर पहारा केला. आता संग्रहालय. पाट्या बदलल्या, पहारेकरी तोच. दवाखान्याच्या काळात तो बायकोसह याच मागच्या खोलीत राहायचा. खिडकी नाही, चूल पेटली की दोघंही रडायची. बायको रोज म्हणायची, "अहो, भिंतीला भोक तरी पाडा." हा म्हणायचा, "सरकारी भिंत आहे, नोकरी जाईल." एके दिवशी ड्युटीवरून येतो तर काय, बाईसाहेब धुळीनं पांढऱ्याफटक, हातात पहार, आणि शेवटचा घाव घालतायत! त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

तिला जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात इथं तोफेची पाटी लागली. "बाबा, तोंडाला कुलूप घाला," लेकीनं बजावलं. "तुम्हाला कामावर ठेवायचं की नाही, ते आत्ताच ठरतंय." त्यानं घातलं. लोक भगदाडापाशी फोटो काढायचे आणि त्याला आतून गुदगुल्या व्हायच्या.

"शत्रू महाभित्रा!" साहेब रंगात आले होते. "समोरून यायची छाती नव्हती, म्हणून मागून भिंत फोडली."

"भित्री नव्हती हो ती!"

सगळे वळले. आपणच बोललो, हे पहारेकऱ्याला जरा उशिराच कळलं.

"कोण?" पाहुण्यांनी विचारलं.

"माझी बायको. चुलीच्या धुरासाठी फोडली तिनं. भित्रा मी होतो, साहेब. बोट फिरवून बघा, काजळी आहे अजून."

पाहुण्यांनी फिरवलं. बोट काळंकुट्ट झालं आणि ते खो खो हसत सुटले. संचालकसाहेब दातओठ खात पुटपुटले, "किल्ल्या जमा करा. उद्यापासून येऊ नका."

नोकरी जाईल म्हणून चाळीस वर्षं तो घाबरत आला होता. आता ती गेलीच होती.

"पण एवढी जाड भिंत बाईनं फोडली कशी?" पाहुण्यांनी विचारलं.

पहारेकऱ्यानं जुडगा साहेबांच्या हातात दिला, दोन्ही हात मोकळे केले आणि तिनं पहार कशी धरली होती ते दाखवू लागला.