शेवटचा पोचा आधी

"तिथं नको मारू," आई म्हणाली. "खड्ड्याच्या पोटात मारलंस की पत्रा ताणला जातो आणि जन्मभर रुसून बसतो. कडेनं ये."

"आई, ही जीप आहे. तुझं पातेलं नाही."

"पातेलंच आहे. जरा मोठं, आणि बुडाला चाकं."

लेकीनं हातोडी खाली ठेवली. इंजिन तिनं उघडून, धुऊन, परत बसवलं होतं. ब्रेक झाले, कित्येक वर्षं मुका असलेला हॉर्नही बोलायला लागला. पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या बाईला इंजिनाचं काय भय? पण पत्र्यापुढे तिची मात्रा चालेना. आई मात्र तांबटाची मुलगी. लग्नाआधी बापाच्या दुकानात तिनं हंडे ठोकून सरळ केले होते. तिनं बाह्या वर सारल्या आणि ट्रंकेच्या तळातून लाकडी मोगरी काढून आणली.

"आमच्या दुकानात एकच नियम होता. जो पोचा शेवटी पडला तो आधी काढायचा, मग त्याच्या आधीचा. सरळ करायचं तर उलट जावं लागतं."

तर उलटच जाऊ.

*ओढ्याचा पोचा*

हा काकाचा. बाबा गेल्यावर काका जीप भंगारात द्यायला स्वतः चालवत निघाला आणि थेट ओढ्यात उतरला. जीप कुशीवर पडली, काका चिखलात उभा राहिला.

"मी ब्रेक दाबला होता," तो आजही दारात उभा राहून सांगत होता.

"दाबला असशील," आई मोगरी न थांबवता म्हणाली. "ओढ्यानं ऐकलं नसेल."

"वहिनी, कशाला हाडं झिजवता? भंगारवाला अजून घ्यायला तयार आहे."

"तपासणी होऊ दे. नापास झाली तर तूच ने. या वेळी ढकलत ने."

गोष्ट गाडीच्या सरकारी तपासणीवरच अडली होती. वरच्या वस्तीच्या दवाखान्यात नर्सबाई आणि औषधांची खोकी पोचवायची फेरी बाबा चालवत असत. त्या दगडी वाटेवर दुसरी गाडी टिकत नाही. जीप पास झाली तर फेरी लेकीची. नाही तर जीपही गेली, फेरीही गेली.

मडगार्ड वर आलं. आईनं फडकं पसरून त्यावरून तळवा फिरवला. फडक्याखाली उंचवटा लपत नाही, म्हणे. "आता डोळे मिटून बघ," ती म्हणाली. लेकीनं बघितलं. काका कुठंच लागला नाही.

*फाटकाचा पोचा*

त्याच्या आधीचा, मागचा. लेक गाडी शिकत होती तेव्हाचा. तिनं जीप मागं घेतली ती फाटकावरच. बाबा उतरले, फाटकाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चूक फाटकाची. हलायला हवं होतं त्यानं."

"मला ओरडले का नाहीत तेव्हा?"

"घरात येऊन मला ओरडले," आई म्हणाली. "धर घट्ट."

हाही निघाला.

*दाराचा पोचा*

आई याच्याजवळ येत नव्हती. छत झालं, बॉनेट झालं, मागची फळी पुन्हा एकदा झाली.

चालवणाऱ्याच्या दारावर, खिडकीच्या खाली, उथळ खळगा होता. हॉर्न बिघडल्यापासून बाबा घरासमोर थांबले की खिडकीतून हात बाहेर काढून दारावर मूठ आपटत. धप्, धप्. आई बाहेर येई. वर्षानुवर्षं. आता हा पोचा आधीचा म्हणायचा की शेवटचा? दुकानाच्या नियमात याची सोय नव्हती.

आणि नेमका तोच पत्रा आत कडीच्या दांडीला टेकत होता. खडबडीत वाटेवर दार आपोआप उघडायचं.

"हा राहू दे," लेक म्हणाली. "मी कडी तारेनं बांधते."

"तारेनं बांधलेलं दार पास होईल?"

"त्यांचा हात आहे तो, आई."

"माहितेय कुणाचा आहे." आईनं खळग्यावर मूठ ठेवून बघितली. तिची मूठ त्यात हरवली. "पण आता त्या दाराशी तू बसणारेस. उताराच्या वळणावर उघडलं तर हा हात येणारे धरायला?"

लेकीनं दाराचं आतलं आवरण सोडवून दिलं.

आई कडेनं गेली, हळूहळू, झोपलेल्याला उठवावं तशी. शेवटी पत्रा 'टक्' करून वर आला. तिनं फडकं पसरलं, तळवा फिरवला. मग पुन्हा फिरवला. सापडण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी फिरवत राहिली.

तपासनिसानं प्रत्येक दार उघडून आपटलं. "पत्र्याचं काम कुठं केलंत?"

"घरी," लेक म्हणाली.

त्यानं शिक्का मारला.

पहिल्या फेरीच्या सकाळी आईही वरपर्यंत येणार होती. लेकीनं जीप घरासमोर आणली आणि हॉर्न दाबला. खणखणीत वाजला. कुणी आलं नाही. पुन्हा दाबला. काका खिडकीत आला. आई नाही.

मग तिनं हात बाहेर काढला आणि दारावर मूठ आपटली. दोनदा. पूर्वीचा धप् आला नाही. आवाज नव्या भांड्यासारखा घट्ट होता.

आई बाहेर आली. पायांत चपला होत्या, खांद्याला पिशवी.

"हॉर्न ऐकू आला नाही?"

"आला की. म्हटलं, दुसऱ्या कुणाची गाडी असेल."

ती जीपला पुढून वळसा घालून शेजारी येऊन बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"हळू वाजवत जा," म्हणाली. "पत्रा पातळ झालाय आता."