बाळासोंचा दम

मी रेग्युलेटर बोलतोय. गॅसचा न्हाय. तो माझा लांबचा भाऊ, तुमच्या किचनमध्ये सुखात हाय. मी समुद्रात बुडी मारणाऱ्यांचा. पाठीवर हवेची टाकी, तिला नळी, आणि नळीच्या टोकाला तोंडात धरायचा रबर, तो मी. जन्मभर एकच काम, पाण्याखाली माणसाला श्वास द्यायचा. आणि नशिबाला आला श्वासच न घेणारा माणूस.

बाळासो, राहणार मंगळवार पेठ. तालमीत घासलेलं अंग. विहिरीत बुडी मारली की काठावरच्यांचा चहा पिऊन हुतोय, तरी हे खालीच. त्यांची पोरगी संयोगिता मालवणला लोकांना स्कूबा शिकवती. पेठेत कुणी विचारलं, "पोरगी काय करती?" की बाळासो म्हणायचे, "पाण्यात असती." जसं काय म्हैसच हाय.

बापानं एकदा खाली येऊन आपलं काम बघावं, एवढीच तिची हौस. म्हणून ती मला घेऊन शेतातल्या विहिरीवर आली.

"आबा, दम धरायचा न्हाय. सारखा श्वास घेत राहायचा."

"नळीनं श्वास दवाखान्यात घेत्यात गं. मला काय झालंय?"

"टाकीतली हवा घेऊन, दम कोंडून वर आलात तर फुफ्फुस फाटंल."

"मग घेतच न्हाय की. मिटला विषय."

मिटलाच. मी तोंडात, टाकी गच्च भरलेली, आणि माणूस ढिम्म. मी हवा घेऊन दारात उभा, आत कुणी कडीच काढंना.

काठावरनं चिमणाबाई, म्हणजे बाळासोंची बायको, म्हणाल्या, "संयु, बुडबुडं न्हाईत. तुझा बाप हाय न्हवं?"

"बुडबुडं न्हाईत तर समुद्र न्हाय," संयोगितानं सांगून टाकलं.

दुसऱ्या बुडीला बुडबुडं आलं. पण छातीत कोंडलेला दमच हा गडी माझ्यातनं चिमूट चिमूट सोडत हुता. पोरगी खूश. मला सगळं कळत हुतं, पण माझ्या धंद्यात बोलायची सोय न्हाय.

मग मला गोठ्यात खुंटीला टांगलं. तिथं म्हशीनं माझा रबर चावून बघितला. टाकी जोडलेली नव्हती, पण तिचा प्रयत्न तरी प्रामाणिक हुता.

नवा रबर लावून मालवणला गेलो. होडीत बाळासो म्हणाले, "एकदाच येणार. न्हाय आवडलं तर परत नाव काढायचं न्हाय." संयोगितानं मला त्यांच्या तोंडात दिलं.

दोरीला धरून खाली गेलो. पोरगी समोर, बापाचा हात तिच्या हातात. छातीतला दम संपत आला. आता हे वर पळणार, आणि विषय कायमचा मिटणार.

तेवढ्यात एक मासा आला. जाड ओठ, पडलेलं तोंड. डिट्टो हंबीरराव, बाळासोंचे मेव्हणे, प्रत्येक लग्नात मानपानावरनं रुसणारे. माशानं दोघांकडं बघितलं आणि रुसून पाठ फिरवली.

बापानं लेकीकडं बघितलं. लेकीनं बापाकडं. दोघं फिसकन हसले, आणि बाळासोंचा उरलासुरला दम माझ्यातनं निघून गेला. आत काहीच उरलं न्हाय. मग त्यांनी मला असं ओढलं, जसा पांढरा रस्सा भुरकावा. एकदा. परत एकदा. डोळे मोठे झाले. पोरीनं वर जायची खूण केली तर हे मान हलवत न्हाय म्हणाले, आणि टाकी सरत येईस्तवर लेकीच्या मागनं फिरत राहिले.

आता पेठेत सांगत्यात, "अर्धा तास खाली हुतो. एका दमात."

लोकांनी संयोगिताला विचारलं, "खरं काय गं?"

तिनं चेहरा सरळ ठेवला. "व्हय. एका दमात." मग हळूच म्हणाली, "आबा, पुढच्या महिन्यात परत दाखवायचा का दम?"

"दाखवू की," बाळासो म्हणाले, आणि लोकांकडं वळले. "पोरगी मास्तर हाय माझी. समुद्रातली."

मी आता बाहेरच्या सोप्यात असतो, कुस्तीत जिंकलेल्या गदेच्या शेजारी, खिळ्याला. पावणं, चहाला आलात तर त्या दमाचं खुशाल कौतुक करा, माझी हरकत न्हाय. जाताना फक्त माझा रबर बघून जावा. दातांच्या खुणा म्हशीच्या न्हाईत. म्हशीनं चावलेला कवाच बदललाय.